धोम ते खिद्रापूर: कृष्णाकाठच्या सायकलमार्गाच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४, रविवार. कराड

वही आजपासून सुरू. काम असे आहे: धोम धरणापासून खिद्रापूरपर्यंत कृष्णेच्या काठाने दोन दिवसांचा सायकलमार्ग आखायचा आणि जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही सात जणांनी तो चालवायचा. पहिला मुक्काम कराडला, म्हणजे आमच्याच घरी. जेवण आणि सतरंज्यांचा खर्च वाचला.

महामार्ग वर्ज्य. तो नदीच्या शेजारूनच जातो, गुळगुळीत आहे, आणि म्हणूनच त्यावरून जायचे नाही. ट्रकच्या वाऱ्याने हँडल हलते तेव्हा नदी बघायला कोणाला फुरसत? दुसरा नियम, नदीपासून दोन किलोमीटरपेक्षा लांब जायचे नाही. तिसरा माझा आणि वहिनींचा: दर पंचवीस-तीस किलोमीटरला बायकांना जाता येईल असे स्वच्छतागृह हवे. पुरुषांनी आखलेल्या मार्गात हे कधीच नसते.

फाइल भाचा करणार. त्याने संध्याकाळपर्यंत फोनवर एक निळी रेघ काढूनही दाखवली. चुलते आप्पा, वय ७१, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, चष्मा वर करून म्हणाले, "डाव्या काठानं जाणार का उजव्या?" आम्ही दोघे गप्प. नदीच्या प्रवाहाकडे तोंड केले की डाव्या हाताचा तो डावा काठ, एवढे कळत होते. पण दर टप्प्याला एक काठ निवडायचा असतो आणि बदलायचा तर पूल किंवा बंधारा शोधावा लागतो, हे निळ्या रेघेला माहीत नव्हते. ती तीन ठिकाणी नदीतून गेली होती.

२७ ऑक्टोबर, रविवार. धोम–वाई

सायकली गाडीवर टाकून पहाटे वाईला. परतीचा पाऊस आत्ताच थांबलाय, जलाशय काठोकाठ. पाण्यात कमळगडाच्या बाजूचे डोंगर उलटे. इथे पाणी शोधावे लागत नाही, रस्ताच त्याच्या कडेने वळतो. बाकीचा मार्ग असाच असेल असे वाटून घेतले, ती चूक.

धरणाखाली धोम गावात नरसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ. नंदी कासवाच्या पाठीवर, भोवती दगडी हौद. पुढे मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे उतरत गेलेला घाट. घाटावरच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या वेळी आलेल्या घंटांपैकी ही एक. इथे वीस मिनिटे धरा. कमी धरली तर आमची मंडळी ऐकणार नाहीत.

वाईत ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेले हे देऊळ नदीच्या इतके जवळ आहे की पूर आला की पहिला धक्का त्यालाच. म्हणून गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार. पाणी येते, फाटते, दोन बाजूंनी निघून जाते. मी हे देऊळ लहानपणापासून पाहतेय, पण नेहमी समोरून. आज पहिल्यांदा मागे जाऊन भिंतीवरून हात फिरवला.

धोम ते वाई सायकलमीटरवर ९ किमी. डावा काठ. पाण्याची सोय आहे, चहा आहे, स्वच्छतागृह घाटाजवळ. हा टप्पा पक्का.

१० नोव्हेंबर, रविवार. वाई–लिंब–माहुली

भुईंजपर्यंत काही विशेष नाही. त्यानंतर एक तुकडा असा आहे की महामार्ग ओलांडण्यावाचून इलाज नाही. खालून बोगदा आहे, पण त्यात गुडघाभर पाणी होते. जानेवारीत नसेल. तरी लिहून ठेवते.

लिंबची बारामोटेची विहीर नदीवर नाही, पण ती वगळली तर घरात घेणार नाहीत. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाईंनी बांधून घेतलेली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४. वरून शिवलिंगासारखी दिसते. पन्नास फूट व्यास, एकशेदहा फूट खोली, आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल. बारा मोटा एका वेळी चालायच्या. आप्पा तासभर मोटेचे पाणी पडते त्या थारोळ्यापाशी बसून पाणी कुठल्या पाटाने कुठे जात असेल याचा हिशेब लावत होते. निवृत्त झाले तरी खाते सुटत नाही.

लिंब-गोवे घाटावरून आरळे-वडूथच्या पुलाने डाव्या काठाला, तिथून क्षेत्र माहुली. माहुली दोन आहेत. पूर्वेची क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. पश्चिमेची संगम माहुली, जिथे वेण्णा कृष्णेला मिळते. संगमावरचे विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधले. देवळापेक्षा मला समोरचा वाळवंटाचा भाग आवडतो. छत्रपती घराण्यातल्या समाध्या पुराने गाळाखाली जातात आणि पुन्हा वर येतात. शाहू महाराजांच्या कुत्र्याचीही समाधी आहे, ती मात्र भाच्याने पहिल्या झटक्यात शोधली.

धोमपासून ५२ किमी झाले.

१७ नोव्हेंबर, रविवार. माहुली–कराड

वाईट दिवस.

धामणेरच्या पुढे डाव्या काठाने नकाशात एक सुंदर रस्ता होता, नदीला अगदी खेटून. उपग्रहाचा फोटो उन्हाळ्यातला असावा. प्रत्यक्षात ती पाणंद निघाली आणि अर्ध्या किलोमीटरवर उसात शिरून नाहीशी झाली. परत फिरलो तोवर काळी माती टायर आणि ब्रेकच्या मध्ये अशी बसली की चाक फिरेना. सायकल खांद्यावर. उलथण्यासारखे काही नाही, शेवटी एका शेतातल्या वस्तीवर खुरपे मागितले. बाईंनी खुरपे दिले, पाणी दिले, आणि विचारले, "रस्ता सोडून हिकडं कशाला आलासा?" याचे उत्तर देता आले नाही.

मग एका बंधाऱ्यावरून पलीकडे जायचे ठरले. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीने दगडी खांब आणि त्यांच्यामधल्या खाचांत बसवायचे बरगे. पावसाळ्याआधी बरगे काढतात, म्हणजे पूर मोकळा जातो. पावसाळा संपला की घालतात, म्हणजे मागे पाणी तुंबते. वरून माणूस, सायकल, फार तर मोटारसायकल जाईल एवढी वाट. या बंधाऱ्याचा कठडा पुरात वाहून गेलेला. खाली एका बाजूला शांत भरलेले पाणी, दुसऱ्या बाजूला खडक. आप्पा शिट्टी वाजवत गेले. वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "मी नाही यायची. आणि सातातला एकही माणूस इथून न्यायचा नाही." त्यांचे बरोबर होते. आप्पांना परत बोलावले. उंब्रज–मसूर रस्त्याच्या पुलापर्यंत जाऊन १४ किमी जास्त पडले.

नियम चौथा: कठडा नसलेला बंधारा मोजायचा नाही.

मसूर, कोपर्डे हवेली, विद्यानगर, आणि कृष्णेच्या पुलावरून घरी. चेन धुवायला रात्री साडेदहा.

२४ नोव्हेंबर, रविवार. कराड–बहे

प्रीतिसंगमावर उद्याची तयारी चालू होती, २५ नोव्हेंबर ही यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी. गर्दी व्हायच्या आत निघालो. आमच्या गावची गोष्ट म्हणून सांगत नाही, पण दोन नद्या अशा समोरासमोर येऊन भेटताना फार ठिकाणी दिसत नाहीत. उत्तरेकडून कृष्णा, दक्षिणेकडून कोयना, आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. पहिल्या रात्री सगळ्यांना इथे आणायचे, अंधार पडायच्या आत.

कोयना ओलांडून गोळेश्वर. खाशाबा जाधवांचे गाव. हेलसिंकी, १९५२, कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले पहिले. इथे थांबा पाच मिनिटांचा.

आणि त्यानंतर ऊस. हंगाम सुरू होऊन आठ-दहा दिवस झालेत. दुशेरे, शेरे, रेठरे या सगळ्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंच भिंत. मीटर सांगतो नदी तीनशे मीटरवर आहे, पण वीस किलोमीटरमध्ये तिचा थेंब दिसला नाही. काठही इथे उंच आहेत, त्यामुळे ऊस तोडला तरी नदी खालीच राहते. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर समोरून आला की रस्त्यावर सायकलला जागा उरत नाही. साइडपट्टीवर उतरावे तर पाचट आणि त्याखाली बाभळीचे काटे. दोन पंक्चर, दोन्ही माझी.

रेठऱ्याला रसवंतीवर बसलो तेव्हा मी वहीत "नदीपासून अंतर ०.३ किमी, उत्तम" असे लिहीत होते. आप्पांनी डोकावून पाहिले. "लांबी काय मोजतीस? पाणी कितींदा दिसलं ते लिही की."

आज दिवसभरात लिहिण्यासारखे हेच. दोन किलोमीटरचा नियम रद्द. या भागात नदी तीनच ठिकाणी भेटते: घाटावर, पुलावर, बंधाऱ्यावर. तेव्हा काठाने जाणारा रस्ता शोधत बसण्यापेक्षा ही ठिकाणे आधी मांडायची आणि ती जोडत जायचे. मध्ये चार किलोमीटर आत जावे लागले तरी चालेल, तिथे रस्ता तरी बरा असेल. भाच्याने जुन्या फाइलमध्ये पाणी मोजले. अख्ख्या मार्गात चौदा वेळा.

बह्याला पोचल्यावर पंधरावे मिळाले. नदी इथे फाटून मधे बेट झालेय, त्यावर रामलिंगाचे देऊळ आणि मागे समर्थांच्या अकरा मारुतींतला एक. कृष्णा देवावर चालून आली तेव्हा मारुतीने दोन्ही बाहू पसरून तिला अडवले, म्हणून गावाचे नाव बहे. पुलावरून बेटाकडे जाताना दोन्ही अंगांना पाणी वाजते. वहिनींनी इथे बसून भाकरी सोडली आणि तासभर उठल्याच नाहीत. मार्गात या थांब्याला ४५ मिनिटे.

१ डिसेंबर, रविवार. घरी

नवी फाइल. वाळव्याच्या पुढचे नागठाणे घातले, बालगंधर्वांचे जन्मगाव. फोनने सातारा जिल्ह्यातले नागठाणे धरले आणि एकूण अंतर एकदम शंभरावर वाढवले. दोन्ही कृष्णाखोऱ्यातच, त्याची तरी काय चूक. गावांच्या नावाऐवजी आता फक्त खुणांचे बिंदू वापरतोय.

टायर: २५ मिमीचे कोणी आणायचे नाहीत, ३२ किंवा जास्त. हवा थोडी कमी. प्रत्येकाकडे दोन ट्यूब, आणि काटे उपसायला चिमटा. आप्पांची सायकल काळी, बावीस इंची, तिला गिअर नाहीत. ते टायरविषयीच्या चर्चेत भाग घेत नाहीत.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. आज औदुंबर आणि नृसिंहवाडी दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नसणार. घरीच.

२२ डिसेंबर, रविवार. बहे–औदुंबर–सांगली–हरिपूर

सगळ्यात आवडलेला टप्पा, आणि सगळ्यात सपाट. कराडच्या खाली नदीला उतार नसल्यातच जमा आहे. सायकलीला ते बरे, पुराला नाही.

औदुंबर डावीकडे-उजवीकडे न बघता सरळ घाटावर. नरसिंह सरस्वतींनी एक चातुर्मास इथे काढला. इथल्या त्या विमल पादुका. कवी सुधांशू याच गावचे. पैलतीरावर भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरी. नाव चालू होती, पण नावेत सायकल नको. २०१९ च्या पुरात याच पट्ट्यात ब्रह्मनाळला नाव उलटली होती. त्या गोष्टीनंतर आमच्यात कोणी नावेचा विषय काढत नाही.

इथे काठाचा वाद झाला. भाच्याला भिलवडीच्या पुलावरून डाव्या काठाने नांद्रे-सांगली हवे होते, रस्ता नवा आहे. मला उजव्याने कसबे डिग्रज, सांगलीवाडी. कारण एकच: सांगलीत शिरायचे तर आयर्विन पुलावरूनच. १९२९ चा दगडी कमानींचा पूल. पावसाळ्यात अख्खा जिल्हा सकाळी उठून या पुलापाशी पाणी किती हेच विचारतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. आज त्याच पुलावर उभे राहून खाली पाहिले तर मुले खडकांवर कपडे वाळत घालत होती. मी जिंकले.

गणपतीचे देऊळ बाहेरून. हरिपूरच्या रस्त्याला चिंचेची जुनी झाडे, डिसेंबरातही गार. हरिपूर हळदीच्या पेवांचे गाव. जमिनीत खोल खड्डे, आत हळद, तोंड बंद. वर्षानुवर्षे कीड लागायची नाही. २००५ च्या पुराने कितीतरी पेवे पाण्याखाली गेली आणि मग लोक शीतगृहांकडे वळले. एका आजोबांनी झाकण दाखवले, उघडले नाही. "आत हवा नस्ती. मान्सं गेल्यात," म्हणाले. घाटाखाली संगमेश्वर आणि समोरून येणारी वारणा. नाटककार देवलांचेही गाव हेच, हे वहिनींनी घाटाच्या पायऱ्यांवर बसून एक पद गुणगुणत सांगितले. सूर चांगला होता. सायकलीवर कधी कळले नव्हते.

पाण्याचा आकडा: आजच्या टप्प्यात ७.

५ जानेवारी २०२५, रविवार. हरिपूर–वाडी–खिद्रापूर

हरिपूर–कोथळी पुलाने सांगलीत परत जायचा फेरा वाचला. शिरोळमार्गे नृसिंहवाडी. पंचगंगा इथे कृष्णेला मिळते. पावसाळ्यात पाणी देवळात शिरते, उत्तरेच्या दाराने येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा म्हणून लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. उत्सवमूर्ती तोवर वर हलवलेली असते. वाईला भिंत टोकदार केली, सांगलीला पुलावर फूट मोजतात, वाडीला दार उघडे ठेवतात.

बासुंदी: खिद्रापूर होऊन परत येताना. आधी खाल्ली तर पुढचे वीस किलोमीटर होत नाहीत. हे मी प्रयोगाने सांगतेय.

कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळी, राजापूरचा बंधारा (कठडा आहे, तरी उतरून चालत पाहायचा), खिद्रापूर. कोपेश्वराच्या देवळापुढे नंदी नाही. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून आणि मागे राहिलेला शंकर कोपलेला, म्हणून. तो नंदी कर्नाटकात यडूरला असल्याचे सांगतात. शिलाहारांचे बाराव्या शतकातले काम. स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आणि मध्यावर छत मुद्दाम गोल उघडे. त्याच्या बरोबर खाली दगडी गोल. भाचा त्यावर आडवा झाला तर रखवालदाराने उठवले.

एकूण २३६ किमी. पहिला दिवस १०७, दुसरा १२९. पाणी ३१ वेळा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ देताना सगळ्यांना छापील मार्गपत्रक दिले: वळण, अंतर, काठ, चहा, स्वच्छतागृह. आप्पांनी त्यावर शिसपेन्सिलने बंधाऱ्यांवर कामाला असलेल्या ओळखीच्या लोकांची नावे लिहिली. भाच्याला विचारले फाइलमध्ये हे कुठे घालणार.

२५ जानेवारी, शनिवार. पहिला दिवस

धोमला सव्वासहा, अंधार, बोटे आखडलेली. मेणवलीला वीस मिनिटांऐवजी चाळीस. भुईंजचा बोगदा कोरडा. लिंबपासून उन्हे तापली. एकाची चेन माहुलीला तुटली, जोडणी कडी जवळ होती. मसूरला वहिनी सगळ्यांच्या पुढे. प्रीतिसंगमावर सूर्य बुडायला दहा मिनिटे असताना पोचलो. कोणी बोलले नाही, कारण सगळे भेळ खात होते.

२६ जानेवारी, रविवार. दुसरा दिवस

कोयनेच्या पुलावर धुके इतके की पुलाचा कठडाही दिसेना, नदी सोडाच. शाळांत प्रजासत्ताकदिनाची गाणी सुरू होती, आवाज उसातून येत होता. रविवार आणि सुटी, तरी ट्रॅक्टर थांबलेले नाहीत. एकामागून एक सहा डबल ट्रॉल्या शेऱ्याजवळ. आम्ही ओळीने खाली उतरून उभे राहिलो. एका चालकाने दोन उसाची कांडकी फेकली. काटे सहा, पंक्चर चार. आप्पांचे शून्य, आणि ते त्यांनी दर वेळी सांगितले.

औदुंबरला साडेदहा, आयर्विनवर एक, वाडीला तीन. बासुंदीवरून बंड झाले. सातातल्या चौघांनी नियम मोडला आणि सैनिक टाकळीच्या अलीकडे दोघे झाडाखाली पडले. खिद्रापूरला पाच चाळीस. मंडपाच्या गोलातून दिसणारे आभाळ तेवढ्यात निळ्याचे जांभळे झाले. मागच्या खेपेचा रखवालदार होता. आज त्याने भाच्याला झोपू दिले.

२ फेब्रुवारी, रविवार. दुरुस्त्या

धामणेरची पाणंद फाइलमधून काढली. भुईंजच्या बोगद्यापुढे "पावसाळ्यानंतर महिनाभर पाणी" घातले. दुसरा दिवस लांब होतो, पहिला मुक्काम रेठऱ्याला न्यावा का, वहिनी तिथे नातेवाइकांशी बोलणार. भाच्याच्या हिशेबाने पाणी ३० वेळा दिसले. आप्पा ३१ वर अडून आहेत, धुक्यातली कोयना धरायचीच म्हणतात. फाइलच्या नावात "नोव्हेंबर ते मे" जोडायचे. जूनच्या आधी बरगे निघतात, त्यानंतर बंधाऱ्यांचे रस्ते नदीचे.